एका दिवसाची मोजपट्टी : निवड चाचणीत मागे पडलेल्या मुलांविषयी

“डॉक्टर, याची उंची वाढेल का? निवड चाचणीत बसला नाही.”

जव्हार-मोखाड्याकडचे पालक बारा-तेरा वर्षांच्या मुलाला घेऊन येतात तेव्हा हा प्रश्न हमखास येतो. मुलगा शेजारी मान खाली घालून बसलेला असतो. शाळेत तो सगळ्यांत पुढे पळतो, कबड्डीत कुणाच्या हाती लागत नाही. पण चाचणीच्या दिवशी उंची कमी, वजन कमी, नाव यादीत नाही. काही पालक उंची वाढवणारं औषध मागतात. काहींनी खेळ बंद करायचं ठरवूनच टाकलेलं असतं.

औषधाकडे आपण शेवटी येऊ. आधी या मोजपट्टीचा थोडा इतिहास बघू. ती कुठून आली आणि कुठे चुकली हे कळलं, तर तुमच्या मुलाचा निकाल कसा वाचायचा हेही कळेल.

कोल्हापूरचा बारीक पोरगा

सुरुवात आपल्याच राज्यातून करू. चाळीसच्या दशकात कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात कराडजवळच्या गोळेश्वरचा एक विद्यार्थी होता. कॉलेजच्या क्रीडास्पर्धेत कुस्तीसाठी नाव द्यायला गेला, तर अंगकाठी पाहून क्रीडाशिक्षकांनी नकार दिला, असं सांगितलं जातं. तो प्राचार्यांकडे गेला, परवानगी मिळवली आणि आपल्याहून थोराड मल्लांना हरवलं. हा विद्यार्थी म्हणजे खाशाबा जाधव. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ५२ किलोच्या गटात ते सहावे आले. १९५२ मध्ये हेलसिंकीत ५७ किलोच्या गटात त्यांनी कांस्यपदक मिळवलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्या प्रवासासाठी प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण ठेवून ७ हजार रुपये उभे केले होते.

इथे मोजपट्टी होती ती फक्त डोळ्यांची. दिसायला दणकट तो पैलवान, एवढंच माप. मग प्रश्न येतो : डोळे चुकतात, तर यंत्रं आणि आकडे वापरले की चूक टळते का? हा प्रयोग जगात सर्वांत मोठ्या प्रमाणावर अमेरिकेत झाला.

अमेरिकेतला मोजणीचा मेळा

अमेरिकन फुटबॉल म्हणजे आपला पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे. चेंडू हातात घेऊन, धडका देत-घेत खेळायचा तो खेळ आहे. तिथे कॉलेजात खेळणाऱ्या मुलांना व्यावसायिक संघ दरवर्षी पाळीपाळीने निवडतात. ही पद्धत १९३६ मध्ये सुरू झाली. त्या पहिल्या वर्षी ९० नावं फळ्यावर लिहिली होती आणि निवड बरीचशी वर्तमानपत्रांतल्या बातम्यांवर व ऐकीव माहितीवर झाली. सर्वांत पहिला निवडलेला खेळाडू व्यावसायिक संघातून एकही सामना खेळला नाही.

पुढे पैसा वाढला, तशी मोजणीही वाढली. १९८२ मध्ये फ्लोरिडातल्या टॅम्पा शहरात १६३ खेळाडूंना एकत्र बोलावून तपासण्यात आलं. या मेळ्याचं मूळ कारण होतं वैद्यकीय तपासणी. प्रत्येक संघाने प्रत्येक खेळाडूचे गुडघे, खांदे, जुन्या जखमा वेगवेगळ्या बघण्यापेक्षा सगळ्यांनी एकाच ठिकाणी बघाव्यात, एवढाच हेतू. त्यात हळूहळू उंची, वजन, उभी उडी, लांब उडी, ४० यार्ड म्हणजे साधारण साडेछत्तीस मीटरची धाव अशा चाचण्यांना महत्त्व आलं. आज तिथे सेकंदाच्या शंभराव्या भागावरून पैशांचे आकडे हलतात.

२००० साली या मेळ्यात टॉम ब्रॅडी नावाचा एक तरुण आला. शरीर सडपातळ, धाव मंद. ४० यार्डांना त्याला ५.२८ सेकंद लागले. निवडीच्या सात फेऱ्या असतात. त्याचं नाव सहाव्या फेरीत, १९९ व्या क्रमांकावर आलं. त्याने पुढे सात वेळा अंतिम विजेतेपद जिंकलं. २०२२ मध्ये ब्रॉक पर्डी हा खेळाडू अगदी शेवटचा, २६२ वा निवडला गेला. दोन हंगामांत तो आपल्या संघाला अंतिम सामन्यापर्यंत घेऊन गेला.

याचा अर्थ मागे राहिलेला प्रत्येक जण हिरा असतो असा मात्र नाही. शेवटच्या फेऱ्यांत निवडलेले बहुतेक खेळाडू फार काळ टिकत नाहीत. चाचण्या निरुपयोगी नसतात. पण त्या दिवशी पाय किती वेगाने पळतात एवढंच त्या सांगतात. गर्दीत डोकं शांत ठेवून योग्य निर्णय घेणं आणि चुकल्यावर सुधारणं त्यांत मोजलं जात नाही.

आता एक गोष्ट लक्षात घ्या. ही मुलं एकवीस-बावीस वर्षांची, वाढ पूर्ण झालेली आणि पोटभर जेवलेली होती. मोजणारे अनुभवी, यंत्रं उत्तम. तरी अंदाज चुकले. मग ज्याची वाढ अजून व्हायची आहे, त्या बारा वर्षांच्या मुलाविषयी एका सकाळच्या मोजमापावरून किती ठामपणे बोलता येईल?

आपल्याकडची शोधमोहीम

१९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धांनंतर, १९८४ मध्ये भारतीय क्रीडा प्राधिकरण स्थापन झालं. आदिवासी, डोंगराळ, किनारी भागांत जाऊन गुणी मुलं शोधण्याची योजना त्यातून पुढे आली. राजस्थानच्या उदयपूर भागातल्या आदिवासी कुटुंबातला लिंबाराम अशाच एका चाचणीत १९८७ च्या सुमारास सापडला आणि १९९२ मध्ये बीजिंगला त्याने तिरंदाजीतल्या जागतिक विक्रमाची बरोबरी केली. महाराष्ट्रात १९९६ मध्ये क्रीडाप्रबोधिनी सुरू झाली. उंची, वजन, ३० मीटर आणि ८०० मीटर धाव, शटल रन, मेडिसिन बॉल फेक, लवचिकता अशा चाचण्यांतून लहान वयातच मुलं निवडायची, ही त्यामागची कल्पना. गावोगावच्या मुलांना वशिल्याशिवाय दार उघडणारी ही चांगली कल्पना आहे. आकड्यांना जात, गाव, आडनाव दिसत नाही.

पण आकड्यांना आणखीही काही दिसत नाही. त्यासाठी आपल्याच तालुक्यात यायला हवं.

वावर-वांगणी

१९९२-९३ मध्ये जव्हार तालुक्यातलं वावर-वांगणी हे नाव देशभर पोहोचलं ते कुपोषणाने झालेल्या बालमृत्यूंमुळे. तेव्हा हा भाग ठाणे जिल्ह्यात होता. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ ला झाला. मेलेल्या मुलांची बातमी झाली. वाचलेल्या मुलांची झाली नाही. त्या सालातलं जे बाळ वाचलं, ते आज तिशी ओलांडलेलं आहे. तुमच्यापैकी काही जण कदाचित त्यांतलेच असाल आणि आता स्वतःच्या मुलाला चाचणीला नेत असाल.

वैद्यकशास्त्र इथे काय सांगतं? आईच्या पोटात आणि पहिल्या दोन वर्षांत अन्न कमी पडलं, वारंवार हगवण-ताप झाला, तर उंची खुंटते आणि ती तूट नंतर पूर्ण भरून निघणं अवघड असतं. अशी मुलगी मोठी होऊन आई झाली, तर तिचं बाळ कमी वजनाचं जन्मण्याची शक्यता वाढते. म्हणजे चाचणीच्या भिंतीवर तुमच्या मुलाची जी उंची मोजली जाते, तिच्यात त्याच्या आजीच्या ताटात काय होतं आणि काय नव्हतं, तेही मोजलं जातं. मुलाने मेहनत कमी केली, असा त्या आकड्याचा अर्थ लावणं चूक आहे.

दुसरी बाजूही आहे. पोषण कमी असलेल्या मुलांना वयात यायला बहुधा उशीर होतो. उशिरा वयात येणाऱ्या मुलाची वाढ उशिरापर्यंत चालते. मुलींची झपाट्याची वाढ साधारण बाराव्या वर्षी आणि मुलग्यांची चौदाव्या वर्षी होते. पण यात दोन-दोन वर्षं मागेपुढे होणं अगदी नैसर्गिक आहे. एकाच वर्गातली तेरा वर्षांची दोन मुलं घ्या. एकाला मिसरूड फुटलेली, दुसरा अजून लहान मूल दिसतो. पहिला आज जिंकणारच. चार वर्षांनी चित्र तेच राहील असं नाही.

ही गोष्ट नवी नाही. फ्रान्समध्ये १७५९ ते १७७७ या काळात मोंबेयार नावाच्या एका उमरावाने आपल्या मुलाची उंची दर सहा महिन्यांनी मोजून ठेवली. त्या जुन्या नोंदीवरून अजूनही शिकता येतं, कारण ती एका दिवसाची नाही, अठरा वर्षांची आहे. मूल किती उंच आहे यापेक्षा ते कोणत्या वेगाने वाढतंय, हे डॉक्टरला जास्त सांगून जातं.

सावरपाडा फार लांब नाही

मोखाड्याला लागूनच नाशिक जिल्ह्यातला त्र्यंबकेश्वर तालुका आहे. तिथल्या हरसूलजवळच्या सावरपाड्यात १९८५ मध्ये कविता राऊत यांचा जन्म झाला. याच डोंगरांतलं आदिवासी कुटुंब, पाण्यासाठी पायपीट. नाशिकला प्रशिक्षक विजेंदर सिंग यांच्याकडे त्या वर्षानुवर्षं घडल्या. २०१० मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरमध्ये त्यांनी कांस्यपदक मिळवलं. १९५८ मध्ये मिल्खा सिंग यांनी सुवर्ण जिंकल्यानंतर धावण्याच्या वैयक्तिक शर्यतीत भारताला या स्पर्धेत मिळालेलं ते पहिलं पदक होतं. त्याच वर्षी ग्वांगझू आशियाई स्पर्धेत त्यांनी रौप्यपदकही घेतलं. त्यांचं माप घड्याळाने काढलं, आणि ते एकदा नाही, हजारदा काढलं. शिवाय प्रत्येक खेळाला वेगळं शरीर लागतं. गोळाफेकीला जे हवं, ते लांब पल्ल्याला ओझं होतं.

मग तुम्ही काय कराल?

दर सहा महिन्यांनी मुलाची उंची आणि वजन वहीत लिहून ठेवा. अनवाणी, भिंतीला टाच लावून मोजा. वयात येण्याआधी वर्षाला ४ सेंटिमीटरपेक्षा कमी वाढ होत असेल, मुलीला तेराव्या वर्षापर्यंत वा मुलाला चौदाव्या वर्षापर्यंत वयात येण्याची काहीच खूण नसेल, किंवा पंधरापर्यंत पाळी आली नसेल, तर दाखवायला आणा.

चाचणीच्या आधी हिमोग्लोबिन तपासा. बारा ते चौदा वयात ते १२ पेक्षा कमी असेल तर पंडुरोग आहे असं धरतात. रक्त कमी असलेलं मूल ८०० मीटरला मागे पडतं, आणि आपण म्हणतो, दम नाही. शाळेत मिळणारी आठवड्याची लोहाची निळी गोळी चुकवू देऊ नका. जेवणानंतर द्या, चहाबरोबर नको.

आपल्या भागात सिकलसेलची तपासणी नक्की करून घ्या. ज्या अमेरिकन कॉलेज फुटबॉलविषयी वर सांगितलं, तिथे सरावात खेळाडू दगावल्यानंतर, २०१० पासून मोठ्या कॉलेजांच्या खेळाडूंसाठी ही तपासणी नियमात आली. आपल्याकडे १ जुलै २०२३ पासून सिकलसेलचं राष्ट्रीय अभियान सुरू आहे आणि सरकारी दवाखान्यात तपासणी मोफत होते. नुसता वाहक असलेला मुलगा खेळू शकतो. फक्त उन्हात भरपूर पाणी, मध्ये विश्रांती, सराव हळूहळू वाढवणं, आणि सरावात पायांत अशक्तपणा, गोळे वा धाप जाणवली की लगेच थांबणं. ‘सहन कर’ म्हणून त्याला पळवू नका. प्रत्यक्ष सिकलसेलचा आजार असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय खेळ नको.

ताटात नागलीची भाकर आहेच. तिच्याबरोबर उडीद किंवा इतर डाळ, अंडं, सुकट, शेवग्याचा पाला, रानभाजी रोज काहीतरी हवं. झोप आठ ते दहा तास. आणि उंची वाढवणारं म्हणून बाजारात विकलं जाणारं कोणतंही चूर्ण किंवा पावडर घेऊ नका. त्या पैशांची अंडी आणा.

राहिला तुमचा प्रश्न : उंची वाढेल का? एका भेटीत मला ते सांगता येत नाही. सहा महिन्यांच्या दोन नोंदी घेऊन या, मग बोलू. तोवर त्याचा खेळ बंद करू नका. चाचणीत बसला नाही याचा अर्थ त्या दिवशी बसला नाही, एवढाच. हे त्याला घरी, तुमच्या तोंडून ऐकू द्या.