घरच्या घरी गिअरबॉक्सचे तेल बदलताना

राष्ट्रीय महामार्ग क्रमांक २७ आणि ४४ यांच्या संगमावरील झाशी शहरात मे २०२४ मध्ये पारा ४९ अंश सेल्सिअसवर गेला होता. अशा उन्हाळ्यात वाहनधारक इंजिनाच्या तेलाची काळजी घेतात. हाताने गिअर बदलाव्या लागणाऱ्या मोटारीच्या गिअरबॉक्समधील तेल मात्र दुर्लक्षित राहते. ते घरी बदलता येते. परंतु कामाचा क्रम चुकल्यास मोटार जागेवरच अडकून पडते.

तेलाची श्रेणी आणि बदलण्याचा अवधी मोटारीच्या माहितीपुस्तिकेत दिलेला असतो. '७५डब्ल्यू-९०' या श्रेणीतील पहिली संख्या थंडीतील प्रवाहीपणा, तर दुसरी १०० अंश तापमानातील दाटपणा दर्शविते. उन्हाळा कडक आहे म्हणून मनाने अधिक दाट तेल घातल्यास गिअर जड पडतात. 'जीएल-४' सांगितले असता 'जीएल-५' घालणेही योग्य नव्हे. त्यातील गंधक-फॉस्फरसयुक्त घटक अधिक असल्याने गिअरबॉक्समधील पितळी कड्यांना अपाय होऊ शकतो.

मोटार थोडी चालवून तेल कोमट करावे. हँडब्रेक ओढून, चाकांना अडसर लावून, मोटार भक्कम स्टँडवर समतल ठेवावी. केवळ जॅकच्या आधारावर मोटारीखाली जाणे जिवावर बेतू शकते.

प्रथम तेल भरण्याचा प्लग सैल करून पाहावा. तेल काढून टाकल्यावर हा प्लग निघाला नाही, तर नवे तेल भरता येत नाही आणि मोटार गॅरेजपर्यंतही नेता येत नाही. तो निघाल्यानंतरच खालचा प्लग उघडावा. या प्लगला चुंबक असल्यास त्यावरील धातूचा बारीक लेप ही नेहमीची झीज होय. मात्र तुकडे आढळल्यास मेकॅनिकचा सल्ला घ्यावा. नवा वॉशर लावून प्लग घट्ट बसवावा. बहुतेक मोटारींत भरण्याच्या छिद्राच्या कडेपर्यंत तेल आले की पातळी पूर्ण झाली असे समजतात.

जुने तेल नालीत किंवा जमिनीवर ओतू नये. बुंदेलखंडातील ग्रॅनाइट खडकात भूजल मर्यादित असून ते भेगांमध्ये साठते. त्याच भेगांतून तेल विहिरींपर्यंत पोहोचू शकते. २०१६ च्या नियमांनुसार वापरलेले तेल घातक कचऱ्यात मोडते. ते झाकणबंद डब्यात भरून अधिकृत संकलकाकडे किंवा त्याच्याशी जोडलेल्या गॅरेजकडे सोपवावे.