अभंगाचा नाद : व्यावसायिक कंठ आणि सामूहिक परंपरा
(बदलापूर-मुंबई लोकलमधील भजनाच्या संदर्भात)

जुन्या रचना आजच्या तालीमबद्ध, व्यावसायिक कंठाला शोभतात काय, हा वाद युरोपात विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रंगला. पॅलेस्ट्रिनाच्या (मृत्यू १५९४) धर्मसंगीताला १९७३ मध्ये स्थापन झालेल्या ‘टॅलिस स्कॉलर्स’सारख्या गायकवृंदांनी स्वच्छ, निष्कंप स्वर दिला, त्या स्वराला इतिहासाचा आधार किती, अशी शंकाही घेतली गेली. एकनाथ (मृत्यू १५९९) हे पॅलेस्ट्रिनाचे समकालीन. मराठी अभंगाबाबत हा प्रश्न अधिक अवघड होतो, कारण तेथे संतकालीन स्वरलिपीच उपलब्ध नाही.

तथापि अभंगाच्या घडणीवरून काही अनुमाने निघतात. मोठ्या अभंगाच्या चरणात सहा, सहा, सहा व चार अक्षरांचे खंड असतात. शेवटचा आखूड खंड श्वास घेण्यास आणि सर्वांना एकत्र टाळावर येण्यास अवसर देतो. दिंडीत वीणेकरी मध्ये आणि टाळकरी समोरासमोर दोन रांगांत असतात. एका रांगेने सोडलेला चरण दुसरी रांग उचलते. या मांडणीत श्रोता असा निराळा उरतच नाही.

पंडित भीमसेन जोशी यांची ‘संतवाणी’ आणि श्रीनिवास खळे यांनी स्वरबद्ध केलेले, लता मंगेशकर यांनी गायिलेले ‘अभंग तुकयाचे’ यांनी हा श्रोता निर्माण केला. पंढरीची वाट कधी न तुडवलेल्या घरांत त्यामुळे तुकोबांचे शब्द पोहोचले. हे ऋण नाकारणे कृतघ्नपणाचे ठरेल. परंतु एक शब्द आळवीत राहिल्यावर खंडांचा तोल विरघळतो, आणि ध्रुवपद समूहाकडून निघून एका कंठाच्या स्वाधीन होते.

याउलट, सामूहिक भजनालाच ‘मूळ’ मानणेही धाडसाचे आहे. पेटी आपल्याकडे एकोणिसाव्या शतकात आली, ध्वनिक्षेपक त्याहून नवा. आळंदीत जोग महाराजांनी १९१७ मध्ये वारकरी शिक्षण संस्था स्थापन केल्यानंतर कीर्तन-भजनाला पाठशाळेची शिस्तही लाभली. तेव्हा निर्णय स्वराच्या प्राचीनतेवर नव्हे, तर गाणारा आणि ऐकणारा यांच्या नात्यावर करावा लागतो.

या दृष्टीने बदलापूर व अंबरनाथहून मुंबईकडे जाणाऱ्या लोकलमधील भजनी मंडळे अभ्यसनीय आहेत. समोरासमोरची बाके दिंडीच्या दोन रांगांची आठवण देतात; दांडीला धरून उभा असलेला अनोळखी प्रवासीही ध्रुवपद उचलतो. कंठ बसलेला असतो, सूर हलतो, पण चार अक्षरांच्या खंडावर सारे एकत्र येतात. रात्रपाळी करून परतणाऱ्या वा पहाटे उठलेल्या सहप्रवाशाला मात्र हा नाद उपद्रवच वाटतो, आणि त्याची तक्रार अवाजवी नाही. मैफलीतला श्रोता उठून जाऊ शकतो. कल्याणनंतरच्या दाटीत अडकलेल्या प्रवाशाला ती सोय नाही.