दिनविशेष : १० जानेवारी १९२३ – न सापडलेल्या तेलावर दिल्लीचा ताबा

मस्कत-ओमानचे सुलतान तैमूर बिन फैसल यांनी या दिवशी मस्कतमधील ब्रिटिश पोलिटिकल एजंटला लेखी हमी दिली. आपल्या मुलुखात खनिज तेल आढळले, तर एजंटशी सल्लामसलत आणि हिंदुस्थान सरकारची मंजुरी घेतल्याशिवाय आपण ते काढणार नाही, कुणाला काढूही देणार नाही, असा तिचा आशय. तेलाचा थेंबही तेव्हा हाती लागलेला नव्हता! कुवेत (१९१३) आणि बहारीनकडून (१९१४) इंग्रजांनी अशीच पत्रे आधी घेतली होती. परक्या कंपन्यांना आखातात पाय रोवू द्यायचे नव्हते. सुलतान कर्जात बुडालेले, तेही हिंदुस्थान सरकारच्याच. अशा माणसाची सही ही खुशीची म्हणता येत नाही.

१९२५ मध्ये डार्सी एक्सप्लोरेशन कंपनीला शोधाचा परवाना मिळाला, पण पदरी काही पडले नाही. १९३२ मध्ये तैमूर यांनी गादी सोडली. १९६५ मध्ये मुंबईत त्यांचे निधन झाले. पुत्र सईद यांनी १९३७ मध्ये इराक पेट्रोलियम कंपनीच्या सहयोगी कंपनीला ७५ वर्षांचा मक्ता दिला. ओमानची तेलनिर्यात सुरू व्हायला मात्र १९६७ साल उजाडले.