वेशीवरून कवटीगुहेत: वेताळाचा प्रवास

अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातल्या कर्जत तालुक्यात थोरामोठ्या देवांना तोटा नाही. भीमेकाठी अष्टविनायकांतला सिद्धटेकचा सिद्धिविनायक, इकडे राशीनची जगदंबा. वेताळ या पंगतीत बसत नाही. महाराष्ट्रात कुठेही त्याची जागा बहुधा गावाबाहेर, माळावर नाहीतर टेकडीवर. रूप म्हणजे शेंदूर फासलेला दगड. भुतांचा राजा, आणि गावाचा राखणदारही तोच. भुतांना आवरायचं तर त्यांच्यातलाच कोणी दांडगा आपल्या बाजूला हवा, असा हा रोखठोक हिशेब.

वेंगुर्ल्याजवळ आरवलीत मात्र त्याला देऊळ मिळालं, मान मिळाला. तिथल्या वेतोबाला केळ्यांचे घड आणि भल्यामोठ्या चामडी चपला वाहतात. देव रात्री फेरीला निघतो, चालून चालून चपला झिजतात, म्हणून नव्या द्यायच्या. पोथ्यांतला वेताळ याहून निराळा. अकराव्या शतकात सोमदेवाने ‘कथासरित्सागर’ रचला, त्यातला वेताळ प्रेतात शिरून राजाला कोडी घालतो. हुशार आहे, पण गाव राखणं हे त्याचं काम नव्हे.

अमेरिकेत ली फॉकने 17 फेब्रुवारी 1936 रोजी वर्तमानपत्रातून ‘फँटम’ची चित्रमालिका सुरू केली तेव्हा आरवली त्याच्या गावीही नसणार. तरी त्याच्या नायकाची ख्याती काय, तर हे चालतं भूत आहे, याला मरण नाही. रे मूरच्या चित्रांत तो अंगाला घट्ट बसणारा पोशाख घालून, मुखवट्याआडून बुबुळं नसलेल्या पांढऱ्या डोळ्यांनी बघतो. खरी गंमत पुढेच आहे. 1536 साली चाच्यांच्या हल्ल्यातून वाचलेल्या तरुणाने बापाच्या मारेकऱ्याच्या कवटीवर हात ठेवून शपथ घेतली. तेव्हापासून बाप गेला की मुलगा तोच मुखवटा चढवतो. आपण वाचतो तो कवटीगुहेत राहणारा एकविसावा. म्हणजे पाटीलकीसारखं हे वतनच, फक्त रयतेला वाटतं की पाटील एकच आहे आणि चारशे वर्षं जिवंत आहे. जंगल ज्याला भूत समजतं तो माणूस आहे, हे वाचकाला ठाऊक असतं. अख्खी मालिका या एका गुपितावर उभी आहे.

मार्च 1964 मध्ये टाइम्स ऑफ इंडियाच्या बेनेट कोलमनने ‘इंद्रजाल कॉमिक्स’ काढलं, अंक 60 पैशांना. पुढे ‘अमर चित्रकथा’ उभारणारे अनंत पै तेव्हा तिथेच होते. फॉकचा नायक मुळात बंगालच्या आसपासचा, नंतर हळूहळू आफ्रिकेकडे सरकलेला. भारतात छापताना त्याच्या ‘बंगाला’ देशाचं ‘डेंकाली’ झालं आणि चाच्यांचं ‘सिंग’ बदलून ‘सिंगा’. इथल्या कोणाच्या भावना दुखू नयेत एवढीच काळजी! बंगाल्यांनी त्याला अरण्यदेव केलं. मराठीत तो वेताळ झाला. मला मराठी बारसं अधिक पटतं. अरण्यदेव भारदस्त आहे खरा, पण रात्री फिरून दुष्टांना धडकी भरवणं हे काम आपल्याकडे पिढ्यान्पिढ्या वेताळाकडेच होतं. पोरांना नवं काही समजावून सांगायची गरजच पडली नसेल.

पडद्यावर तो 1943 मध्येच आला होता, टॉम टायलरला घेऊन केलेल्या 15 भागांच्या मालिकापटात. मोठ्या खर्चाचा चित्रपट यायला 1996 उजाडलं. दिग्दर्शक सायमन विन्सर, वेताळ बिली झेन; थायलंडचं जंगल, 1938 सालचं न्यूयॉर्क. झेन जांभळ्या पोशाखात अवघडलेला दिसत नाही, हीच मोठी कमाई. पण पटकथेने तीन जादूच्या कवट्या आणल्या. त्या एकत्र आल्या की अफाट शक्ती, डोळे दिपवणारे किरण. वर मेलेला बाप खरंच भूत होऊन मुलाशी बोलायला येतो. फॉकने जे निव्वळ सोंग म्हणून रचलं होतं, ते सिनेमाने खरं करून टाकलं. एकदा जादू खरी ठरली की मुखवट्यामागच्या माणसाच्या धाडसाला काय किंमत उरते? साडेचार कोटी डॉलरच्या आसपास खर्चून अमेरिकेत जेमतेम पावणेदोन कोटी मिळाले. त्याला बाकीही कारणं असतील, मला हे एक पुरेसं वाटतं.

आपल्याकडे तोवर ‘इंद्रजाल’ बंद पडून सहा वर्षं झाली होती. फॉक 1999 मध्ये वारला. त्याच वर्षी टोनी डीपॉलने लेखन हाती घेतलं आणि रोजची पट्टी चालूच राहिली.