सायकलिंग बुटांचे नैतिक व शाश्वत उत्पादन

सायकलिंग बूट म्हणजे पेडलवर दिलेले बळ तळ वाकून वाया जाऊ नये यासाठी ताठ तळ दिलेले, सायकलस्वारांसाठी खास बनवलेले पादत्राण होय. बहुतेक बुटांच्या तळाला पेडलमध्ये अडकणारा एक तुकडा बसवतात; त्यास क्लीट म्हणतात. सायकल हे प्रदूषणमुक्त वाहन मानले जात असले, तरी तिच्यासाठी बनणारे बूट बहुतांशी खनिज तेलापासून मिळणाऱ्या पदार्थांचे, गोंदाने जोडलेले व दुरुस्तीस अवघड असतात. त्यामुळे बूट घेताना वापरलेले साहित्य, तो बनवणाऱ्या कामगारांचे आरोग्य आणि बुटाचे आयुष्यमान या तिन्हींचा विचार करावा लागतो. यांपैकी शेवटच्या बाबीकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते.

रचना

पूर्वी चामड्याच्या बुटाच्या तळाला खाचेची पट्टी ठोकून पाय पेडलवर पट्ट्याने आवळला जाई. स्कीचे बंध बनवणाऱ्या लूक या फ्रेंच कंपनीने १९८४ मध्ये क्लीट अडकवण्याचे पेडल बाजारात आणले. १९८५ मध्ये बर्नार्ड हिनॉल्टने ते वापरून टूर द फ्रान्स जिंकल्यावर त्याचा झपाट्याने प्रसार झाला. या पद्धतीत क्लीट तीन स्क्रूंनी बसते. जपानच्या शिमानो कंपनीने १९९० मध्ये दोन स्क्रूंची, पोलादी व लहान क्लीट आणली. ती तळाच्या खाचेत बसत असल्याने बूट घालून चालता येते. भोकांच्या या दोन्ही रचना आजही प्रचलित आहेत. त्यामुळे योग्य क्लीट लावल्यास जुना बूट नव्या पेडलवर चालतो. क्रीडासाहित्यात अशी सुसंगती विरळाच.

साहित्य

चामडे कमावण्यासाठी जगभर मुख्यतः क्रोमियमचे क्षार वापरतात. त्यांतील त्रिसंयुजी क्रोमियमचे काही परिस्थितींत षट्संयुजी क्रोमियममध्ये रूपांतर होते. ते कर्करोगकारक असून त्वचेची ॲलर्जीही निर्माण करते. युरोपीय संघाने मे २०१५ पासून त्वचेला लागणाऱ्या चामडी वस्तूंत त्याचे प्रमाण किलोमागे ३ मिलिग्रॅमपेक्षा कमी असावे, असे बंधन घातले. वनस्पतींतील टॅनिनने चामडे कमावणे हा जुना पर्याय आहे. कोल्हापुरी चपलांमुळे महाराष्ट्राला परिचित असलेली हिरडा व बाभळीच्या सालीची पद्धत याच प्रकारची होय. मात्र असे चामडे तयार होण्यास अधिक वेळ लागतो.

आज बहुतेक सायकलिंग बुटांचा वरचा भाग पॉलियुरेथेनयुक्त मायक्रोफायबरचा असतो. त्यात प्राणिज चामडे नसल्याने असे बूट ‘व्हीगन’ म्हणून विकले जातात. हा शब्द प्राण्यांपुरता खरा असला, तरी कामगारांविषयी तो काहीच सांगत नाही. कृत्रिम चामड्याच्या पारंपरिक निर्मितीत डायमिथाइलफॉर्मामाइड हे द्रावक वापरतात. ते श्वासावाटे व त्वचेतून शरीरात जाऊन यकृतास इजा करते. जलाधारित पॉलियुरेथेन वापरल्यास हा धोका पुष्कळ कमी होतो.

महागड्या बुटांचा तळ कार्बन तंतू व इपॉक्सी यांचा असतो. एकदा घट्ट झालेले इपॉक्सी पुन्हा वितळत नाही, त्यामुळे असा तळ वितळवून नवी वस्तू बनवता येत नाही. नायलॉनचा तळ वितळतो. पण वरचा भाग त्यावर गोंदाने पक्का चिकटवलेला असल्याने प्रत्यक्षात तोही क्वचितच वेगळा काढला जातो.

कामगार आणि गोंद

इटलीतील व्हेनेतो प्रांतातले माँटेबेल्युना हे डोंगरी व क्रीडा बुटांचे जुने केंद्र आहे. १९९० च्या दशकात तेथील उत्पादनाचा मोठा भाग रुमानियात, विशेषतः तिमिशोआरा परिसरात गेला. पुढे पूर्व आशियाकडेही वळला. शिलाई एका देशात आणि अंतिम जोडणी दुसऱ्या देशात होऊ शकते, म्हणून बुटावरील देशाच्या नावावरून संपूर्ण साखळी कळत नाही.

पादत्राणे उद्योगातील गोंदाचा इतिहास दुःखद आहे. १९७० च्या दशकात इस्तंबूलमध्ये बेंझिनयुक्त गोंद हाताळणाऱ्या बूट-कामगारांत रक्ताच्या कर्करोगाचे रुग्ण आढळले, तर इटलीत हेक्झेनमुळे कामगारांच्या हातापायांच्या नसा निकामी झाल्या. आता पाण्यावर आधारित गोंद उपलब्ध आहेत. तो वापरला जातो का, हे उत्पादकास विचारणे योग्य ठरते.

लेबले व प्रमाणपत्रे

युरोपीय संघाच्या १९९४ च्या निर्देशानुसार बुटाचा वरचा भाग, अस्तर आणि बाहेरचा तळ कशाचा आहे हे चिन्हांनी दाखवावे लागते. पण कृत्रिम चामडे, रबर व प्लॅस्टिक ही सारी ‘इतर साहित्य’ या एकाच चौकटी चिन्हाखाली येतात. लेदर वर्किंग ग्रुप टॅनरींची पर्यावरणीय तपासणी करतो, ब्लूसाइन रसायनांकडे पाहते, तर फेअर वेअर फाउंडेशनचा भर कामगारांच्या हक्कांवर असतो. एका क्षेत्रातील प्रमाणपत्र दुसऱ्या क्षेत्राची हमी देत नाही.

आयुष्यमान व दुरुस्ती

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या २०१३ मधील अभ्यासात धावण्याच्या कृत्रिम बुटांच्या एका जोडीमागे सुमारे १४ किलो कार्बन डायऑक्साइडएवढे उत्सर्जन आढळले. त्याचा सुमारे दोन-तृतीयांश भाग कारखान्यातील प्रक्रियेतून आला होता. हे आकडे सायकलिंग बुटांचे नाहीत; तरी उत्सर्जनाचा मोठा वाटा बूट विकत घेण्याआधीच घडून गेलेला असतो, ही बाब येथेही लक्षात घेण्याजोगी आहे. तीच जोडी जितकी अधिक वर्षे चालेल, तितका तो भार प्रतिवर्षी कमी होतो.

सायकलिंग बुटात बकल, टाचेची रबरी गादी आणि बंद आवळण्याची चकती हे भाग आधी झिजतात किंवा तुटतात. १९६० मध्ये स्थापन झालेली सिडी ही इटालियन कंपनी आपल्या अनेक बुटांचे असे भाग सुटे विकते. बोआ पद्धतीच्या चकत्या व तारा घरीही बदलता येतात. तीन स्क्रूंच्या प्लॅस्टिक क्लीट चालताना लवकर झिजतात. रोजच्या प्रवासाला खाचेत बसणारी पोलादी क्लीट अधिक टिकते. जुने बूट घेताना क्लीटच्या भोकांभोवतीचा तळ तडकलेला नाही आणि स्क्रूचे आटे शाबूत आहेत, हे तपासावे. शहरात कमी अंतर सायकल चालवणाऱ्यांना सपाट पेडल आणि घरात असलेला साधा, जाड तळाचा बूट पुरेसा होतो.