सैनिकाची अंगपरीक्षा आणि तीविषयींची भावना

बदलापूर या ग्रामनामाची एक व्युत्पत्ति त्या बाजूस सर्वांच्या तोंडीं आहे. शिवकालीं सुरतेकडील वाटेनें येणारें-जाणारें घोडदळ येथें थकलीं घोडीं बदलीत असे, म्हणून गांव बदलापूर. या व्युत्पत्तीस आम्ही पुराव्याचें स्थान देत नाहीं. नांव आधीं आणि गोष्ट मागाहून, हा प्रकार ग्रामनामांच्या बाबतींत नेहमींचा आहे. तथापि १६७० सालच्या दुसऱ्या सुरत-स्वारीपूर्वीं कल्याणास मोठें घोडदळ जमल्याची वार्ता इंग्रजांच्या पत्रांत आहे, तेव्हां हा मुलूख फौजांच्या पायांखालचा होता यांत शंका नाहीं. थकलें घोडें बदललें तर घोड्याची मानहानि होत नाहीं. माणसाची तशीच पारख करूं लागतांच मात्र मान, जात, दर्जा, वय असे शेंकडों प्रश्न उभे राहतात. त्यांचा थोडा मागोवा घेण्याचा येथें विचार आहे.

कौटिल्यानें अर्थशास्त्राच्या आठव्या अधिकरणांत सैन्याचीं व्यसनें, म्हणजे संकटें, मोजलीं आहेत. वेतन न मिळालेलें, व्याधिग्रस्त, दुरून आलेलें, थकलेलें अशा सैन्यांची तो दोन दोन करून तुलना करतो. वेतन थकलेलें सैन्य तें हातीं पडतांच लढेल, पण व्याधिग्रस्त सैन्य कार्यासच अक्षम, असा त्याचा निर्णय आहे. थकलेल्या सैन्यासही स्नान, भोजन व निद्रा यांनीं पुन्हां उभें करतां येतें असें तो मानतो. पांचव्या अधिकरणांतील नियम आम्हांस अधिक महत्त्वाचा वाटतो. चतुरंग सेनेनें संधिदिवस वगळून रोज सूर्योदयीं नगराबाहेर अभ्यास करावा, आणि राजानें त्यांत सदैव लक्ष घालून त्यांचें कौशल्य वारंवार स्वतः पाहावें. परीक्षा सक्तीची खरी, परंतु परीक्षकासही पहाटे उठण्याची सक्ति आहे. ही दुसरी अट पुढील काळीं फार जणांस विसरली.

मोगलाईंत काय झालें तें प्रसिद्धच आहे. घोड्यास डाग व स्वारास चेहरेपट्टी ही पद्धति अल्लाउद्दीन खिलजीनें चालविली व अकबरानें पुन्हां सुरू केली. पण अमीर लोक आपल्या नोकरांस शिपायांचे कपडे चढवून गणतीस उभे करीत, अशी तक्रार बदाऊनीनें नोंदवून ठेविली आहे. जेथें हजिरीवर पैसा मिळतो तेथें हजिरीचेंच सोंग होतें.

शिवछत्रपतींच्या व्यवस्थेंत या रोगावर दोन औषधें दिसतात. पहिलें, पागेचा बारगीर. त्याचें घोडें सरकारचें, म्हणून तें उणें झालें तर जाब सरकारी अंमलदारास. शिलेदाराचें घोडें मात्र त्याची स्वतःची दौलत; ऐन लढाईंत त्यास तें जपावेंसें वाटणें स्वाभाविक होतें. सभासद सांगतो कीं पंचवीस बारगिरांवर एक हवालदार असे आणि तितक्यांमागें एक पखालजी व एक नालबंद. पावसाळ्यांत छावणी, दसऱ्यास कूच, आणि निघतांना प्रत्येकाजवळच्या चीजवस्तेची यादी. दुसरें औषध माणसाची पारख. नव्यानें चाकरीस येणारा प्रत्येक इसम महाराज स्वतः पाहात व जुन्या चाकरांपैकीं कोणी त्याचा जामीन राही, असें ग्रँट डफ लिहितो. चिपळूणकडील हलवर्णाच्या जुमलेदारांस गेलेल्या प्रसिद्ध पत्राचा रोखही हाच आहे. दाणावैरण आतांच उडविली तर भर पावसाळ्यांत घोडीं उपाशीं मरतील, त्या हत्येचा दोष तुमचा, आणि मग तुमची माणसें रयतेस लुटूं लागतील. थोडक्यांत, जनावर खंगलें तर परीक्षा जनावराची नव्हे, हवालदाराची.

इंग्रजी अमलांत उंची व छाती फितीनें मोजण्याची रीत आली. ही रीत अमानुष वाटते खरी, पण तिच्यांत एक गुण आहे : फीत जात विचारीत नाहीं. मुंबई इलाख्याच्या पलटणींत महार शिपायांचा मोठा भरणा होता. १ जानेवारी १८१८ च्या कोरेगांवच्या लढाईच्या स्तंभावर ‘नाक’ हा प्रत्यय लागलेलीं त्यांचीं नांवें आजही वाचतां येतात. पुढें लॉर्ड रॉबर्ट्सच्या काळीं ‘लढाऊ जाति’ ही कल्पना बळावली आणि १८९२ च्या सुमारास महारांची भरती बंद झाली. त्यांची छाती कमी भरली असें कोणी म्हटलें नाहीं. फीत त्यांच्या छातीस लावलीच गेली नाहीं. पेन्शनर हवालदार गोपाळबाबा वलंगकर यांनीं १८९४ सालीं यासाठीं अर्ज तयार केला. शिवराम जानबा कांबळे यांनीं १९१० सालीं थेट भारतमंत्र्यांकडे दाद मागितली. १९१७ सालीं १११ वी महार पलटण उभी राहिली आणि युद्ध सरल्यावर मोडली गेली. १ ऑक्टोबर १९४१ रोजीं बेळगांवीं महार रेजिमेंट पुन्हां स्थापन झाली. आंत असलेल्या शिपायास जी परीक्षा जाच वाटते, तिच्यासाठीं बाहेरच्यानें जवळजवळ पन्नास वर्षें अर्ज करावेत, या विसंगतीकडे युद्धशास्त्राच्या लेखकांचें फारसें लक्ष गेलेलें नाहीं.

त्याच दुसऱ्या महायुद्धांत कल्याणनजीक शिपायांच्या मुक्कामासाठीं मोठी छावणी वसली. फाळणीनंतर तिच्या बराकींत सिंधी निर्वासित येऊन राहिले व १९४९ सालीं तिचें उल्हासनगर झालें. तेथील वस्त्या आजही ‘कॅम्प’ या शब्दानें व आंकड्यानें ओळखल्या जातात. धडधाकट पुरुषांसाठीं बांधलेल्या त्या बराकींत म्हातारीं माणसें व तान्हीं मुलें आलीं, आणि तेथें कोणाची छाती मोजण्याचा प्रश्नच नव्हता.

अलीकडच्या काळांत भूसेना आपल्या माणसांकडून ठराविक काळानें शस्त्रभारासह पांच किलोमीटर धावणें, दोर चढणें, नऊ फुटांचा चर उडी मारून ओलांडणें इत्यादि करवून घेत आली आहे. २०२४ च्या आरंभीं प्रसिद्ध झालेल्या वृत्ताप्रमाणें ही परीक्षा दर तिमाहीस ब्रिगेडियर दर्जाच्या अधिकाऱ्याच्या देखरेखीखालीं घेण्याचें ठरलें. कौटिल्याच्या दुसऱ्या अटीच्या थोडें जवळ येणारी ही गोष्ट आहे. २०२२ च्या अग्निपथ योजनेच्या भरतींत १.६ किलोमीटर अंतर साडेपांच मिनिटांत कापणारास पूर्ण ६० गुण ठेविले होते. बदलापूर-अंबरनाथकडे पहाटे रस्त्यानें धावणाऱ्या मुलांस हे आंकडे पाठ असतात.

परीक्षा कोणती यापेक्षां ती केव्हां व कोणास हा प्रश्न किती मोठा आहे, हें २५ मार्च १९२१ नव्हे, अगदीं अलीकडच्या २५ मार्च २०२१ रोजीं दिसून आलें. कायम नेमणूक मागणाऱ्या स्त्री-अधिकाऱ्यांस लष्करानें चाळिशी उलटल्यावर उत्तम आरोग्याची कसोटी लावली होती. त्यांच्या बरोबरीच्या पुरुषांची तीच कसोटी नोकरीच्या पांचव्या किंवा दहाव्या वर्षीं, ऐन तारुण्यांत, होऊन गेली होती. पुढें त्यांची प्रकृति उतरली तरी नेमणूक कायम राहात असे. सर्वोच्च न्यायालयानें नितिशा खटल्यांत हा व्यवहार मनमानी ठरविला. कसोटीचें माप न्यायालयानें सैल केलें नाहीं; त्या स्त्रियांच्याही नोकरीचें पांचवें किंवा दहावें वर्ष धरून तेंच माप लावावें, असा आदेश दिला.