एक्कावन्न टक्क्यांचा पेच

जून २०१४ मध्ये जीहॅश या एकाच मायनिंग पूलच्या हाती बिटकॉइनच्या जाळ्यातील निम्म्याहून अधिक संगणनशक्ती काही काळ एकवटली. पूल म्हणजे आपापली यंत्रे एकत्र जुंपून मिळणारे बक्षीस वाटून घेणाऱ्यांचा संघ.

यात भय कसले? कूटलिपीमुळे दुसऱ्याच्या खात्यातील नाणे चोरता येत नाही, हे खरे. परंतु वहीची कोणती प्रत ग्राह्य धरावी, हे अधिक शक्तीच ठरवते. निम्म्याहून अधिक शक्ती असणारा ताज्या नोंदी फिरवून तेच नाणे दुसऱ्यांदा खर्च करू शकतो.

सातोशी नाकामोतो या टोपणनावाने २००८ साली आलेल्या निबंधात यावरचे उत्तर होते ते नीतीचे नव्हे, स्वार्थाचे. एवढ्या बलवानाला फसवणुकीपेक्षा नियमाने नवी नाणी मिळवणेच अधिक लाभाचे ठरेल, असा तो तर्क. गेम थिअरीचा बिटकॉइनमधील प्रवेश हा असा.

जीहॅश शुल्क घेत नसे; म्हणून प्रत्येक मायनरच्या दृष्टीने तेथे जाणे शहाणपणाचेच होते. या सुट्या सुट्या शहाणपणाची बेरीज मात्र सर्वांनाच संकटात नेणारी ठरली. कॉर्नेल विद्यापीठातील इयाल आणि सिरेर या संशोधकांनी तत्काळ इशारा दिला. निम्म्याहून कमी शक्तीनेही लबाडी किफायतशीर ठरू शकते, हे त्यांनी २०१३ मध्येच दाखवले होते.

त्या जूनमध्ये वही फिरवली गेली नाही. सभासद बाहेर पडू लागले आणि जुलैमध्ये पूलने ४० टक्क्यांच्या आत राहण्याची हमी दिली. याचे श्रेय सज्जनपणाला देणे मला भाबडेपणाचे वाटते. मायनरांची महागडी यंत्रे बिटकॉइनखेरीज जवळजवळ कशाच्याच उपयोगाची नव्हती. विश्वास उडाला असता, तर नाण्यांसोबत यंत्रेही मातीमोल झाली असती.

इथेरियम क्लासिक या लहान जाळ्यात हा बंध नव्हता. ते ग्राफिक्स कार्डांवर चाले आणि तशी शक्ती भाड्याने मिळे. काम उरकून भाडेकरू निघून गेला, तरी त्याचे काय जाणार? जानेवारी २०१९ मध्ये तेथे सुमारे ११ लाख डॉलरची नाणी दोनदा खर्च झाल्याचे कॉइनबेस या एक्स्चेंजने उघड केले. पुढे ऑगस्ट २०२० या एकाच महिन्यात त्याच जाळ्यावर तीन हल्ले झाले.